‘सगळं ठीक आहे ना?’ यातला ‘ना’ काढा

मागच्या अंकात वाचकांना मी एकच प्रश्न विचारला होता: हाताखाली माणसं आल्यावर सगळ्यात आधी काय बदललं? मला वाटलं होतं, लोक पगार, केबिन, जास्तीच्या मीटिंगा असलं काहीतरी लिहितील. बहुतेकांनी शब्द वेगवेगळे वापरले, पण लिहिलं एकच: माणसं पूर्वीसारखं बोलत नाहीत.

माझी एकतीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत गेली, गुणवत्ता विभागात. त्यातली अठरा माणसं सांभाळण्यात. सल्ला द्यायचा माझा अधिकार तेवढाच. थोडा त्या काळात केलेल्या घोडचुकांचाही. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत: आधी पत्र, खाली माझं उत्तर. ती थोडी छाटली आहेत आणि माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलं आहे.

मॅडम, सात जणांच्या टीममध्ये मी चार वर्षं होतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच टीमचा लीड झालो. आता मी जवळ गेलो की गप्पा थांबतात. परवा कळलं, मला वगळून त्यांनी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. जुन्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. खरं सांगतो, फार लागलं. विषय काढू का?

काढू नका. तो ग्रुप असू दे. तुम्हीसुद्धा चार वर्षांत आधीच्या लीडबद्दल कुठेतरी बोललाच असाल की! वरच्या माणसाबद्दल कुरकुरायला लोकांना जागा लागते. ती जागा तुम्ही बंद केलीत तर कुरकूर थांबत नाही, फक्त अशा ठिकाणी जाते जिथून तुम्हाला तिचा वासही येणार नाही. आणि ‘मलाही घ्या’ म्हणालात तर ते तुम्हाला घेतील, दुसऱ्या दिवशी तिसरा ग्रुप निघेल.

ग्रुपवर जे बोललं जातं त्यातलं कामापुरतं तुमच्यापर्यंत येण्याची वाट मात्र तुम्हालाच पाडावी लागेल. या आठवड्यात सहाही जणांना एकेकटं भेटा, अर्धा-अर्धा तास. कॉम्प्युटर बंद, फोन उलटा. सुरुवातीला विचारा, ‘आधीचा लीड काय करायचा, जे मी सोडू नये असं तुला वाटतं?’ याचं उत्तर द्यायला कुणाला जड जात नाही. मग विचारा, ‘मी लीड झाल्यापासून तुझं कुठे अडतंय?’ पहिल्यांदा उत्तर येईल ‘कुठेच नाही’. गप्प बसा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आठव्या-नवव्या आकड्याला समोरचा बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे. जे सांगेल ते लिहून घ्या आणि सहा जणांनी सांगितलेल्यांपैकी निदान एक गोष्ट आठ दिवसांच्या आत करून टाका. लहान असली तरी चालेल. सांगितल्याने काहीतरी हलतं, हे एकदा दिसायला हवं.

या सहांत तुमचा एखादा जिवलग असणारच. त्याच्याशी वेगळं आणि स्पष्ट बोला: ‘तुझं वर्षाचं मूल्यमापन आता मी लिहिणार. बाकीच्यांबद्दल तू मला काही विचारायचं नाहीस आणि मी तुला काही सांगणार नाही.’ हे बोलताना दोघांनाही ओशाळं वाटेल. न बोलता सहा महिने गेले तर जास्त ओशाळं वाटेल, आणि तेव्हा बाकीचे पाच जणही बघत असतील.

जाता जाता एक. तुम्हाला लीड का केलं? काम सगळ्यात चांगलं करत होता म्हणून, असा माझा अंदाज आहे. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बढती मिळायची ती सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्याला, आणि नेमक्या त्यांच्याच हाताखालच्या माणसांची विक्री सरासरीने घसरायची. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण अडलेलं काम दिसलं की ‘दे इकडे, मीच करतो’ म्हणायची खाज तुम्हालाही असेल. हात मागे बांधून उभं राहायला शिका. मला तीन वर्षं लागली.

माझ्या अकरा जणांच्या टीममध्ये मी कधीच आवाज चढवत नाही. दार उघडं असतं, ‘केव्हाही या’ असं सांगून ठेवलंय. तरी चुका मला वेळेवर कळत नाहीत. गेल्या महिन्यात तर ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं, आणि टीममधल्या तिघांना चार दिवस आधीपासून माहीत होतं! इतकं मोकळं वातावरण ठेवूनही लोक का लपवतात?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते मीच लिहिलेलं असावं असं वाटलं.

मी गुणवत्ता विभागाची प्रमुख होऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळची पाळी सुरू होत होती, रात्रीची सुटत होती. गाडी माल भरून निघायच्या बेतात उभी. रात्रपाळीचे एक ऑपरेटर माझ्यापाशी आले, वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. म्हणाले, ‘मॅडम, दोन नंबरच्या बोअर गेजवर माझा भरवसा नाही. मास्टर रिंगवर शून्य लावलं तरी तासाभरात वीस मायक्रॉन सरकतंय.’ (बोअर म्हणजे भागातलं भोक, बोअर गेज ते मोजायचं उपकरण, मास्टर रिंग ते उपकरण शून्यावर लावायची ठरलेल्या मापाची कडी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आजूबाजूला सातआठ माणसं होती. मी ओरडले नाही. हसून म्हणाले, ‘पाळी सुटताना बरं आठवलं! आठ तास काय करत होतास?’

माणसं हसली. तेही हसले आणि निघून गेले. मी त्यांना नेहमी ‘तुम्ही’ म्हणायचे. त्या दिवशी ‘तू’ निघून गेलं, हे माझ्या लक्षात यायला मला आठवडे लागले. त्यांच्या लक्षात तिथल्या तिथे आलं असणार.

पुढचे सात आठवडे दोषांची वही जवळजवळ कोरी. मला वाटलं, शिस्त बसली. एवढंच नाही, त्याचा आलेख काढून मी वरिष्ठांना दाखवला आणि शाबासकी घेतली. आठव्या आठवड्यात ग्राहकाकडून एक अख्खा लॉट परत आला. बोअर लहान. गेजचं टोक झिजलं होतं, म्हणून ते भोक असेल त्याहून मोठं दाखवत होतं. खाली चौकशी केली तर दोन ऑपरेटरना ‘काहीतरी गडबड आहे’ असं चार दिवसांपासून वाटत होतं. तुमच्यासारखेच चार दिवस.

तेव्हा मला माहीत नव्हता असा एक अभ्यास आहे. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकी संशोधक १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. ज्या वॉर्डांत एकजूट चांगली, प्रमुख चांगली, तिथे चुका कमी असतील, हा त्यांचा तर्क. आकडे आले ते उलटे. चांगल्या वॉर्डांतच चुकांच्या नोंदी जास्त! नीट खोदल्यावर उलगडा झाला: तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथल्या नर्स त्या सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डांत झाकून जात होत्या. म्हणजे माझी कोरी वही ही शिस्तीची खूण नव्हतीच. तुमच्या टीममध्ये महिनाभर एकही चूक कानावर आली नाही तर आनंद करू नका, काळजी करा.

तुम्ही म्हणता, ‘मी आवाज चढवत नाही.’ कबूल. पण कुणी वाईट बातमी आणली की तुमचा चेहरा काय करतो? मान खाली जाते का? उसासा सुटतो का? ‘अरे देवा, आता हे आणि काय!’ असं निघतं का? तोंडातून निघणारा पहिला शब्द ‘का?’ किंवा ‘कुणी?’ असतो का? हाताखालची माणसं आपल्या चेहऱ्यावरचं हवामान आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात, कारण त्यांचा दिवस त्यावर अवलंबून असतो.

आणि तुम्ही विचारता कसं? फेरी मारताना मी म्हणायचे, ‘सगळं ठीक आहे ना?’ त्यातला तो शेवटचा ‘ना’ बघा. त्याने उत्तर आधीच भरून दिलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची. ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ हे त्याहून वाईट. प्रॉब्लेम आहे म्हणायचं तर त्या माणसाला तुमची अपेक्षा मोडावी लागते, मग तुमचं दार कितीही सताड उघडं असो. मी ‘ना’ सोडला. ‘आज कुठे अडलंय?’ असं विचारायला लागले. काहीतरी अडलेलं असणारच, हे त्यात गृहीत आहे, म्हणून सांगणारा अपराधी ठरत नाही. ‘आज कशावर भरवसा वाटत नाही?’ हा माझा दुसरा लाडका प्रश्न.

मग बातमी आली की पहिलं वाक्य ठरवून ठेवलेलं असावं. अक्षरशः पाठ केलेलं. माझं होतं, ‘बरं झालं सांगितलंत. आत्ता लगेच काय थांबवायचं?’ कारण काय, चूक कुणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय, हे सगळं विचारायचंच आहे. पण नंतर. आग लागलेली असताना काडी कुणी टाकली हे विचारत बसायचं नसतं. एवढं करूनही सांगणाऱ्याला जर तीन फॉर्म भरावे लागत असतील, रविवारी यावं लागत असेल, तर तो पुढच्या वेळी विचार करील. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला दोरी ओढून (आता काही ठिकाणी बटण दाबून) मदत बोलावता येते. आपल्याकडे बहुतेक जणांना फक्त दोरी लक्षात राहते. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या वेळात ते सुटलं नाही तर लाइन थांबते, हा तिचा खरा भाग. ओढली आणि कुणी आलंच नाही, असं दोनदा झालं की ती दोरी शोभेची.

याच्या अगदी टोकाचं उदाहरण विमानातलं आहे. २८ डिसेंबर १९७८, युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ. चाकं नीट उघडली की नाही अशी शंका आली म्हणून कॅप्टन जवळजवळ तासभर हवेत घिरट्या घालत त्याचा शोध घेत राहिला. बाकीच्यांना इंधन संपत आलेलं दिसत होतं. ते बोलले नाहीत असं नाही, बोलले, पण आडून, हळू, आकडे सांगत. ‘आत्ता उतरलंच पाहिजे’ असं ठणकावून कुणी म्हटलं नाही आणि कॅप्टनचं चित्त चाकांतच. इंधन संपलं, विमान विमानतळाच्या अलीकडे कोसळलं. १८९ पैकी १० माणसं गेली. कॅप्टन अनुभवी होता, दुष्टही नव्हता. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणातच बदल झाला: कनिष्ठांनी ठामपणे बोलायचं कसं, हे शिकवायला लागले, आणि कॅप्टनने ऐकायचं कसं, हेही.

तुमच्या त्या तिघांना रागावू नका. त्यांना एकेकट्याला विचारा, ‘चार दिवसांत कधीतरी सांगावंसं वाटलं असेल. तेव्हा काय आड आलं?’ उत्तर तुमच्याबद्दलचं असेल. ते ऐकताना चेहरा सांभाळा.

कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकांतात. हे बरोबर का? आणि आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड असं बोलावं, असं एका शिबिरात शिकवलं.

कानउघाडणी एकांतात, हे शंभर टक्के. कौतुकाचं तसं नाही. चारचौघांत नाव घेतलं की काही माणसांना जमीन पोटात घेईल तर बरं असं होतं. त्यांच्या टेबलावर दोन ओळींची चिठ्ठी ठेवा, त्यांना महिनाभर पुरते.

ते गोड-कडू-गोड मला कधीच पटलं नाही. त्यातून दोनच गोष्टी होतात. गोड ऐकणारा गोडच ऐकतो आणि खूश होऊन जातो. हुशार माणूस दुसऱ्यांदा तुम्ही कौतुक सुरू केलंत की पोटात गोळा घेऊन बसतो, आता कडू येणार म्हणून. तुमचं खरं कौतुकही त्यामुळे बाद होतं.

सरळ बोला, फक्त माणसावर नको, कामावर. ‘तू निष्काळजी आहेस’ याचं तो काय करणार? ‘मंगळवारच्या अहवालात तिसऱ्या रकान्याची बेरीज न तपासता गेली’, याचं काहीतरी करता येतं. ही फक्त माझी मतं नाहीत. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अशा सहाशेहून अधिक निष्कर्षांचा एकत्र हिशेब मांडला. कामाबद्दल अभिप्राय दिल्याने सरासरीने काम सुधारलं खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते आणखी बिघडलं. त्यांचा कल असा, की अभिप्राय कामावरून सरकून ‘मी कसा माणूस आहे’ यावर गेला की तो बाधतो. आपण बोलतो ते नेहमी उपयोगी पडतं, हा साहेबलोकांचा गोड गैरसमज आहे.

मी २९ वर्षांची आहे. माझ्या टीममध्ये माझ्या दुप्पट अनुभवाचे एक गृहस्थ आहेत. मी काही सांगितलं की ‘आम्ही हे तुझ्या जन्माआधीपासून करतोय’ म्हणतात आणि परस्पर माझ्या वरिष्ठांकडे जातात. वरिष्ठ त्यांना तिथेच निर्णय देऊन टाकतात. मी तोंड दाबून बसते. त्यांना दुखवायचंही नाही. काय करू, ताई?

आधी त्यांच्याकडे नाही, वरिष्ठांकडे जा. दुखणं तिथे आहे. वरिष्ठांनी प्रत्येक वेळी ‘तिच्याशी बोललात का?’ एवढं एकच वाक्य म्हटलं असतं तर ही वहिवाट पडलीच नसती. त्यांना तक्रारीच्या सुरात सांगू नका. म्हणा, ‘गेल्या महिन्यात या तीन गोष्टी तुमच्याकडे आल्या. निर्णय झाले, पण मला दोन दिवसांनी कळले आणि टीमला दोन वेगळ्या सूचना गेल्या.’ तारखा सांगा. कामाचा खोळंबा दाखवला की साहेब ऐकतात, मान-अपमान दाखवला की कंटाळतात. चांगलं आहे असं म्हणत नाही, पण असतं तसं.

मग काकांकडे. (पत्रात तुम्ही त्यांना काका म्हटलं नाहीये, पण माझ्या डोळ्यांसमोर आले.) त्यांना ‘तुम्ही’च म्हणा, आधी नमस्कारही तुम्हीच करा, त्यात काही कमीपणा नाही. त्यांच्याकडून ‘तुम्ही’ मागू नका, ते मागून मिळत नसतं. त्यांच्यापाशी असलेलं एक खरं काम काढा, ज्यात त्यांच्या अनुभवाशिवाय तुमचं पान हलत नाही, आणि ते पूर्ण त्यांच्यावर सोपवा. निर्णयासकट. ‘मला शिकवा’ असं खोटं खोटं म्हणू नका, जुन्या माणसांना लाडीगोडी लगेच कळते.

ज्या गोष्टीचा निर्णय तुमचाच आहे तिथे मात्र माफी मागत बोलणं बंद. ‘तुमचं म्हणणं ऐकलं. त्यातलं हे घेतलं, हे घेतलं नाही, कारण हे. सोमवारपासून असं करू.’ एवढंच. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं, पण...’ हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता, मोजून बघा.

ते जन्माआधीचं वाक्य पुन्हा आलं तर हसून म्हणा, ‘म्हणूनच तुम्हाला विचारतेय. यात बिघडलं तर कुठे बिघडेल?’ अशी माणसं ‘कसं करू’ याचं उत्तर फटकळपणे देतात, पण ‘कुठे बिघडेल’ म्हटलं की बसून सांगतात. त्यांना माहीत असलेली सगळी वाईट बातमी त्या एका प्रश्नात बाहेर येते. माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं मी अशा तीन गृहस्थांच्या जिवावर काढली.

प्रोजेक्ट सहा आठवडे मागे आहे. वरून दोन माणसं जास्तीची द्यायला तयार आहेत. घेऊ ना?

तुमच्याही प्रश्नात ‘ना’ आहे! उत्तर ठरवूनच विचारलंय.

शेवटचा टप्पा असेल तर घेऊ नका. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवणार कोण? जे आधीच धावताहेत तेच. शिवाय पाच माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या दहा असतात, सात झाली की एकवीस. माणसं घ्यायचीच असतील तर अशी कामं द्या ज्यांना शिकवावं लागत नाही: चाचण्यांच्या नोंदी, कागदपत्रं, येणारे फोन. आणि वरिष्ठांना सहा आठवड्यांचा खरा आकडा आज सांगा. दर शुक्रवारी थोडाथोडा नव्हे.

आमच्याकडे आठ जण आहेत. त्यातली एक मुलगी सगळं करते. अडलं की तिच्याकडेच द्यायचो. तिने राजीनामा दिलाय. कारण विचारलं तर ‘पर्सनल’ म्हणते. तिला थांबवायला पगारवाढ देऊ केली, तरी नाही म्हणाली.

तिला जाऊ द्या आणि नीट निरोप द्या. तिला थांबवायची वेळ साधारण एक वर्षापूर्वी येऊन गेली. ‘पर्सनल’ म्हणजे ‘तुम्हाला सांगून आता काय उपयोग?’

मला तुमच्या उरलेल्या सात जणांची जास्त काळजी आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापलं गेलं. माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेला, आठ जणांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. थोडा दोष ताळमेळाचा, थोडा ‘दुसरा ओढतोय की’ याचा. तुमच्याकडे सातही जणांना माहीत होतं, की शेवटी ती ओढणार. ते आळशी आहेत असं इतक्यात ठरवू नका. त्यांना कधी एकट्याने ओढायला लावलंय का? आता प्रत्येक कामावर एकच नाव लिहा. दोन नावं नकोत. दोन नावं म्हणजे शून्य नावं.

ती जाण्याआधी एक तास मागून घ्या आणि विचारा, ‘तू जे करत होतीस त्यातलं मला काय काय माहीतच नव्हतं?’ वही मोठी घेऊन बसा.

चार दिवसांपूर्वी मीटिंगमध्ये एका कर्मचाऱ्यावर मी फार वाईट ओरडलो. चूक त्याची नव्हतीच, नंतर कळलं. पत्नी म्हणते माफी माग. पण माफी मागितली तर उद्या धाक राहील का? आणि मागायची तर त्याला केबिनमध्ये बोलावून की फोनवर?

जिथे ओरडलात तिथेच, ज्यांच्यासमोर ओरडलात त्यांच्यासमोर. पाणउतारा चव्हाट्यावर आणि माफी बंद खोलीत, हा हिशेब जुळत नाही. फोन तर नकोच. चार दिवस गेलेत, पाचवा जाऊ देऊ नका.

वाक्य छोटं ठेवा. ‘सोमवारी मी तुमच्यावर ओरडलो. चूक तुमची नव्हती, आणि असती तरी मी तसं बोलायला नको होतं.’ पुढे ‘पण’ जोडू नका. तुम्ही किती ताणाखाली होता हे सांगू नका. तो ‘असू द्या सर’ म्हणेल, त्यावरून मिटलं असं समजू नका.

धाकाचं म्हणाल, तर तुमचा धाक आत्ता भरपूर आहे. त्या चार दिवसांत टीममधून तुमच्याकडे किती अडचणी आल्या, आठवून बघा.

वर ज्या ऑपरेटरांबद्दल लिहिलं, त्यांची माफी मी लॉट परत आल्यावर मागितली, म्हणजे आठ आठवडे उशिराने. पाळी बदलतानाच, तशीच माणसं भोवती असताना. म्हटलं, ‘तुम्ही गेजचं सांगायला आलात तेव्हा मी तुमची थट्टा केली. तुमचं बरोबर होतं.’ त्यांनी मान हलवली, हातातलं फडकं घडी करून खिशात टाकलं आणि काही न बोलता गेले. माझा चेहरा उतरला. मला वाटलं होतं काहीतरी म्हणतील.

नंतर बारा-तेरा दिवस काहीच नाही. मग एका सकाळी, गाडी भरत असताना, ते पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘मॅडम, गाडी थांबवाल का? चार नंबरचं गेज बघा.’